दलदलीतल्या रानजायफळाचे संग्रहालय : प्रकल्प नोंदी

१८ जून २०२३

दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील देवराईत, बारमाही पाण्याच्या दलदलीत उभ्या असलेल्या रानजायफळाच्या झाडांसाठी, म्हणजे मिरिस्टिका मॅग्निफिका या एकाच जातीसाठी, छोटे संग्रहालय उभारण्याचे काम आज सुरू झाले. पटसंख्येअभावी बंद झालेल्या शाळेच्या दोन खोल्या ग्रामस्थांनी वापरायला दिल्या आहेत. एका खोलीची कौले तीन ठिकाणी फुटली आहेत आणि दुसरीच्या भिंतीला ओल आली आहे, त्यामुळे पहिला महिना झाडाऐवजी छपरावर खर्च होणार हे उघड आहे.

हे संग्रहालय कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवणे आवश्यक वाटते. २०१८ साली या दलदलीची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली आणि पश्चिम घाटातील अशा प्रकारची ही तोवर माहीत असलेली सर्वांत उत्तरेकडची दलदल असल्याचे समोर आले. पुढे राज्य शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. तिचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर आहे. नाव झाले तशी माणसे पाहायला येऊ लागली, आणि पाहायला येणारा प्रत्येक जण चिखलात उतरून त्या प्रसिद्ध मुळांजवळ उभा राहू इच्छितो. ज्या मुळांतून झाड श्वास घेते त्यांच्यावरच पाय पडतात. म्हणून लोकांना जे पाहायचे आहे ते सगळे या दोन खोल्यांत दाखवावे आणि राईत उतरण्याची गरजच उरू नये, एवढा आमचा हेतू आहे.

२७ जून २०२३

वनविभागाची आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची परवानगी घेऊन राईच्या कडेने, पाण्यात न उतरता, खाली पडलेल्या चाळीस बिया गोळा केल्या. उमललेल्या फळाची जाड साल तांबूस लवेने भरलेली असते आणि आतल्या बीवर नारिंगी-पिवळ्या पत्रीची जाळी घट्ट बसलेली असते. बाजारातल्या जायपत्रीचा घमघमाट हिला नाही, परंतु ठेवण तीच आहे. बी हातात घेतली की तिचे वजन जाणवते. धनेश आणि मोठी रानकबुतरे अशी फळे गिळून बिया दूर नेतात, असे पुस्तकात वाचणे वेगळे आणि हे ओझे तळहातावर तोलून पाहणे वेगळे.

चोवीस बिया धुऊन वर्तमानपत्रावर सावलीत पसरल्या. त्यातील काही काचेच्या बरणीत मांडायच्या आणि उरलेल्या पुढच्या वर्षी पेरण्यासाठी जपून ठेवायच्या, असे ठरले आहे. उरलेल्या सोळा बिया राईबाहेरच्या वहाळाकाठचा गाळ भरलेल्या पिशव्यांत लगेच टोचल्या.

३ जुलै २०२३

दिवसभर पाऊस. कौले बदलून झाली. इतर काम नाही.

१९ ऑगस्ट २०२३

आज या प्रकल्पातली पहिली मोठी चूक लक्षात आली, आणि ती सर्वस्वी आमची होती. वाळवलेल्या चोवीस बियांपैकी एक हलवून पाहिली तर आतला गर कवचात खुळखुळला. ती चिरली. जायफळ अर्धे कापल्यावर दिसते तशी तपकिरी शिरांची नक्षी आत होती, पण गर आक्रसून कवचापासून सुटला होता आणि अंकुराच्या जागी करडा, ठिसूळ ठिपका उरला होता. एकामागून एक सहा बिया चिरल्या. सहाही मेलेल्या होत्या. मग उरलेल्या अठरा चिरण्याचे धैर्य झाले नाही. त्या भिजवून पेरल्या आहेत, परंतु आशा ठेवलेली नाही.

ओल्या गाळात त्याच दिवशी टोचलेल्या सोळांपैकी अकरा बिया मात्र उगवल्या आहेत. पहिला कोंब सव्वा महिन्याने वर आला.

दलदलीतल्या या झाडांची बी सुकणे सहन करत नाही. भात, नाचणी, कुळीथ यांचे बियाणे कणगीत ठेवून आपण पिढ्यान्‌पिढ्या वर्ष काढले. तोच संस्कार हातात असल्यामुळे बी म्हणजे वाळवून जपायची वस्तू असे आम्ही न विचारता धरून चाललो. या बीला थांबणे माहीत नाही. जमिनीवर पडली की तिला त्याच आठवड्यांत ओल आणि सावली मिळायला हवी, नाही तर ती संपली. शीतगृहात पोती भरून ठेवावीत आणि राई नष्ट झाली तर पुन्हा पेरावी, अशी सोय या जातीपुरती नाही. तिची एकमेव पेढी म्हणजे पाण्यात उभे असलेले जिवंत झाड. म्हणून संग्रहालयाचा आराखडा बदलावा लागणार आहे : दुसऱ्या खोलीमागची पडवी रोपवाटिकेला द्यायची, आणि बियांसाठी आणलेली काचेची बरणी तूर्त रिकामीच ठेवायची.

३० ऑगस्ट २०२३

दाबून वाळवलेल्या पानांच्या नमुन्यांवर बुरशी आली. या जातीचे पान हातभर लांब आणि चामड्यासारखे जाड असते. टिपकागद रोज बदलला तरी कोकणातल्या श्रावणात ते वाळत नाही. चुलीवरच्या माळ्यावर ठेवून पाहण्याची सूचना शेजारच्या आजींनी केली आहे. त्या तिथेच कोकमाची सोले आणि आमसुले राखतात. उद्या दोन नमुने त्यांच्याकडे देणार आहोत.

११ सप्टेंबर २०२३

आजींच्या माळ्यावरचे दोन्ही नमुने उत्तम वाळले. त्यांना धुराचा किंचित वास येतो, तो राहू द्यावा असे ठरले.

६ ऑक्टोबर २०२३

गणपती आणि अनंत चतुर्दशी आटोपल्यावर मूर्तिकार मोकळे झाले आणि आज त्यांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, मुळांच्या प्रतिकृतीचे काम सुरू झाले. मुंबईहून तयार प्रतिकृती मागवावी असा एक विचार होता. तो सोडला याचे आज समाधान वाटते.

मुळांचे दोन प्रकार दाखवायचे आहेत. खोडाच्या खालच्या भागातून फुटून तिरकी खाली येणारी आधारमुळे केवड्यासारखी दिसतात, ती गावातल्या माणसाला लगेच कळतात. गुडघेमुळे समजावून सांगायला मात्र वेळ लागतो. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून आडवे धावणारे मूळ मध्येच पाण्याबाहेर येते, दुमडलेल्या गुडघ्यासारखे वाकते आणि पुन्हा चिखलात शिरते. त्या वाकलेल्या भागाच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. मूर्तिकारांनी सगळे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला : "गुडघो वर इलो तेची कातडी कशी, गुळगुळीत काय खरबरीत?" आमच्यापैकी कोणालाही नेमके सांगता आले नाही. छायाचित्रे मोठी करून पाहिली तेव्हा दिसले की पाण्याच्या रेषेखाली साल काळपट आणि शेवाळाने गुळगुळीत आहे, तर रेषेवर ती करडी होऊन तिच्यावर तिळाएवढे उंचवटे आले आहेत. शाडूच्या ओल्या गोळ्यावर त्यांनी अंगठा फिरवून खालची बाजू लोण्यासारखी केली आणि वरच्या बाजूला नाचणीचे दाणे दाबून काढून घेतले. त्या खळग्यांवर पातळ शाडूचे थेंब टेकवले तेव्हा छायाचित्रातली साल समोर आली.

प्रतिकृती हात लावण्यासाठीच असेल. येणाऱ्या मुलांनी तिच्यावर बोट फिरवावे, पाण्याची रेषा कुठे होती ते डोळे मिटून ओळखावे, अशी तिची मांडणी करायची आहे.

१७ ऑक्टोबर २०२३

फलकांच्या मजकुराची बैठक तीन तास चालली आणि बराचसा वेळ नावातच गेला. जायफळ म्हटले की कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळीच्या बागेतले आंतरपीक येते. ते झाड मुळात इंडोनेशियातील बांदा बेटांवरचे आहे. मसाल्यातली रामपत्री याच घराण्यातल्या, पश्चिम घाटातल्या दुसऱ्या जातीची आहे. आपले झाड तिसरे. तिघांनाही सरसकट रानजायफळ म्हणून मोकळे होता येणार नाही, म्हणून पहिल्या फलकावर तिन्ही बियांची रेखाचित्रे शेजारी शेजारी द्यायची आणि आपल्या झाडाला "दलदलीतले रानजायफळ" म्हणायचे, असे ठरले.

दुसरा वाद "चौदा कोटी वर्षांपूर्वीचे जंगल" या वाक्यावर झाला. हा आकडा अनेक ठिकाणी छापला जातो आणि ऐकायला भारदस्त वाटतो. परंतु फुलझाडांचे सर्वांत जुने निर्विवाद जीवाश्मच सुमारे तेरा कोटी वर्षांचे आहेत. जायफळाचे घराणे फुलझाडांच्या जुन्या शाखांपैकी एक आहे, एवढे खरे विधान पुरेसे आहे. झाडाचे मोल वाढवण्यासाठी त्याचे वय वाढवण्याची गरज नाही, हे मत मी आग्रहाने मांडले आणि आकडा वगळण्यात आला.

नकाशाचा फलक मात्र सर्वांच्या मनासारखा झाला. १९६० साली त्रावणकोर भागातून अशा दलदलींचे वर्णन प्रथम झाले. केरळात कुळत्तुपुळा आणि शेंदुरुणीच्या परिसरात त्यांचे साठ तुकडे मोजले गेले, आणि ते सगळे एकत्र केले तरी क्षेत्र जेमतेम दीड चौरस किलोमीटर भरते. २०१३ साली केरळातल्या याच दलदलींतून बेडकाच्या एका नव्या जातीचेच नव्हे, तर नव्या प्रजातीचे (जीनसचे) वर्णन झाले, आणि त्याच्या शास्त्रीय नावात या दलदलीचे नाव आहे. त्यानंतर उत्तरेकडे कर्नाटकातला उत्तर कन्नड जिल्हा, मग गोव्यातली सत्तरी आणि सर्वांत वर आपला ठिपका. नकाशावर हे ठिपके टाकताना हात आपोआप सावकाश चालतो.

२ डिसेंबर २०२३

रात्री हत्ती केळीच्या बागेतून राईच्या दिशेने गेल्याचे सांगण्यात आले, म्हणून आज तिकडे गेलो नाही. २००२ साली हत्ती कर्नाटकातून या तालुक्यात आले, तेव्हापासून आपल्या कामाचे वेळापत्रक काही अंशी तेही ठरवतात.

१४ जानेवारी २०२४

सत्तरीतल्या नानोड्याजवळच्या बांबर येथील निरंकाराची राय पाहून आलो. बांबर आणि बांबर्डे या नावांतले साम्य वाटेत सगळ्यांच्याच बोलण्यात आले. तिथेही हीच जात, तशीच गुडघेमुळे आणि मधून वाहणारा वहाळ आहे, आणि निरंकार देवाची राय म्हणूनच ती टिकली. लाकूड तोडायचे नाही, पाणी अडवायचे नाही, हे नियम वनखात्याच्या कितीतरी आधीपासून देवाच्या नावाने पाळले गेले.

परतताना एक गोष्ट मनात पक्की झाली. आपल्या फलकांवर विज्ञान सविस्तर आहे आणि राईच्या रीतीला दोनच ओळी मिळाल्या आहेत. ज्यांनी झाड वाचवले त्यांच्या पदरी दोन ओळी टाकणे योग्य नाही. राईचे मान असलेल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांकडून देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्याचा, म्हणजे प्रार्थनेचा, पाठ लिहून घ्यायचा आणि तो मालवणीतच, शब्द न बदलता, स्वतंत्र फलकावर द्यायचा आहे.

२३ जानेवारी २०२४

राईच्या कडेच्या साकवावरून वाचता येईल अशी लोखंडी मोजपट्टी आज वनरक्षकांच्या उपस्थितीत पाण्यात रोवली. आजचे पाणी १६ सेंटिमीटर. दर रविवारी सकाळी आठ वाजता नोंद घ्यायची आणि ती संग्रहालयाच्या दारामागच्या फळ्यावर खडूने लिहायची, हे काम आठवीतल्या दोन मुलींनी आपणहून मागून घेतले.

५ मार्च २०२४

छापून आलेले फलक उघडले आणि मन खट्टू झाले. मुख्य फलकावर आम्ही दिलेल्या छायाचित्राऐवजी इंटरनेटवरून घेतलेले बाजारातल्या जायफळाचे चित्र छापले गेले आहे, लालभडक पत्रीसह. ज्या गोंधळावर तीन तास घालवले तोच गोंधळ चार फूट रुंदीत समोर उभा आहे. छापणाऱ्यांनी पुन्हा छापून देण्यास नकार दिला. नव्या फलकाचे पैसे छपराच्या उरलेल्या निधीतून काढावे लागतील. चुकीचे चित्र "आठवडाभरासाठी" लावण्याची सूचना आली होती, ती मान्य केली नाही. भिंत रिकामी दिसली तरी चालेल.

७ एप्रिल २०२४

फळ्यावरचे आकडे : १० मार्चला १२, २४ मार्चला ११, ३१ मार्चला १०, आणि आज ४. नोंद घेणाऱ्या मुलींनी मोजपट्टी वाकडी झाली असेल असे समजून दोनदा पाहिली. उन्हाळ्यात पाणी उतरते, हे अपेक्षित आहे. एका आठवड्यात सहा सेंटिमीटर उतरणे अपेक्षित नाही.

दुपारी वहाळाच्या वरच्या अंगाला चालत गेलो तेव्हा दोन काळे पाइप दगडांखाली दाबून बसवलेले आढळले. ते दलदलीला वळसा घालून खालच्या पोफळीच्या बागेत जातात.

९ एप्रिल २०२४

बागायतदारांच्या घरी गेलो. त्यांनी काहीही लपवले नाही. बाग वडिलांनी लावलेली आहे, यंदा पोफळीची झावळे पिवळी पडू लागली आणि विहीर मार्चमध्येच तळाला गेली, म्हणून त्यांनी पाणी वरून आणले. दलदलीच्या खालून घेतले तर उतार कमी पडतो आणि फवारे सुटत नाहीत, ही त्यांची अडचण मोजून पाहिली. ती खरी आहे.

आमच्याजवळ सांगण्यासारखे होते ते फळ्यावरचे आकडे. ते कागदावर उतरवून नेले होते. त्यांनी ते नीट पाहिले आणि विचारले की झाडे एवढी जुनी असताना एका उन्हाळ्यात त्यांना काय होणार. जुनी झाडे कदाचित तगतील, परंतु गेल्या पावसात पडलेल्या बियांची जी वीतभर रोपे कडेच्या ओल्या गाळात आहेत ती एका कोरड्या महिन्यात जातील, आणि या बीला दुसऱ्या वर्षाची वाट पाहता येत नाही, हे सांगितले. मेलेल्या बियांपैकी एक सोबत होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कानाजवळ नेऊन हलवली.

१२ एप्रिल २०२४

देवळात बैठक झाली. समितीचे सदस्य, वनरक्षक, बागायतदार आणि राईचे मानकरी असे सगळे होते. तक्रार करावी की नाही यावर बरेच बोलणे झाले. अखेर मानकऱ्यांपैकी सर्वांत वयस्क आजोबा म्हणाले, "देवाच्या पाण्याक हात लावचो नाय, ह्या खरा. पण तेची बाग सुकवन देव खूश होवचो नाय."

ठरले ते असे : एक पाइप आजच काढायचा. दलदलीच्या खाली जुना दगडी पाट बुजलेला आहे, तो सर्वांनी मिळून उपसायचा आणि फवाऱ्यांऐवजी बागेला पाटाचे पाणी द्यायचे. पाट सुरू होईपर्यंत दुसरा पाइप एक दिवसाआड, फक्त रात्री चालेल. हा पूर्ण उपाय नाही. वरून एक थेंबही उचलला जाऊ नये असे मला अजूनही वाटते, आणि बैठकीत मी ते सांगितले. परंतु पोलीस बोलावून काढलेला पाइप पुढच्या उन्हाळ्यात रात्रीच्या वेळी परत बसला असता.

५ मे २०२४

पाट उपसून झाला. त्यासाठी बावीस माणसे आणि चार रविवार लागले. दुसरा पाइप काल बागायतदारांनी स्वतः काढून आणला आणि संग्रहालयाच्या पडवीत ठेवला. मोजपट्टीवर आज ७ सेंटिमीटर आहे.

२२ मे २०२४

जैवविविधता दिनाचे निमित्त साधून संग्रहालयाची दारे उघडली. समारंभ ठेवला नाही. पहिल्या खोलीत फलक, तीन जायफळांची रेखाचित्रे, धुराचा वास असलेली पाने आणि मध्यभागी मुळांची प्रतिकृती. दुसऱ्या खोलीत गाऱ्हाण्याचा फलक आणि पाण्याच्या नोंदींचा फळा. रिकामी बरणीही मांडली असून तिच्याखाली ती रिकामी का आहे ते लिहिले आहे. लोक सर्वाधिक वेळ तिथेच थांबले, हे मला अनपेक्षित होते.

एका बाईंनी विचारले, की नर झाड वेगळे आणि मादी वेगळी हे फलकावर ठळक का लिहिलेले नाही. त्यांच्या घरी जायफळाची बाग आहे आणि दहा माद्यांमागे एक नर ठेवावा लागतो हे त्यांना पाठ आहे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. चार झाडे उरली आणि चारही नर निघाली तर ती राई उभी असूनही संपलेली असते. फलकात ही ओळ उद्याच वाढवायची आहे.

१४ जुलै २०२४

यंदा समितीच्या संमतीने तीसच बिया उचलल्या आणि त्या दिवस मावळायच्या आत गाळात टोचल्या. एक बी पत्रीसह काचेच्या बरणीत, ओल्या गाळावर ठेवली आहे. कोंब आला की ती पिशवीत जाईल आणि बरणी पुढच्या पावसापर्यंत पुन्हा रिकामी होईल. गेल्या वर्षीच्या अकरा रोपांपैकी नऊ जगली आहेत आणि त्यांतील सर्वांत उंच रोप एक वीत चार बोटे भरले.

बागायतदार सकाळी आले. वहाळाच्या काठची आपल्या मालकीची पट्टी लागवडीविना सोडायला ते तयार आहेत आणि तिथे लावायला त्यांना दोन रोपे हवी होती. फुलावर येईपर्यंत नर-मादी कळत नाही, दोन्ही एकच निघाली तर फळ धरणार नाही, हे त्यांना सांगितले. समितीला विचारून त्यांना चार दिली. दुपारी पाऊस थांबल्यावर ती सर्वांनी मिळून लावली. जागा त्यांनीच निवडली : पाटाच्या तोंडाच्या वरच्या अंगाला, वहाळाचे पाणी बागेकडे वळण्याआधी रोपांपाशी पोहोचेल अशी.